धन्यानं शेवटी चालायचं

वाइओते निरीक्षण ठाणे, ३ ऑगस्ट

लांबेर्तुस,

तुझं पत्र ओम सिउसनं होडीतून आणून दिलं. सुक्या मासळीच्या टोपलीत ठेवलं होतं. त्याला मासळीचा वास लागलाय, आणि त्या पत्रातली तेवढीच एक गोष्ट खरी आहे.

‘ताई, पाच वर्षं झाली. झालं गेलं विसरून जाऊ आणि घराचं दार उघडू.’ किती सोपं लिहिलंस! विसरायचं कुणी? ज्यांना विसरायचा अधिकार होता, ती एकोणीस माणसं राखेखाली आहेत. त्यांना विचारून ये, मग मला सांग. आणि दार ‘उघडू’ नाही, दार मी उघडते. बाप गेला की कुळाचं घर बंद होतं. थोरली लेक आत जाऊन बसते, नवा धनी बाहेरून तीनदा हाक मारतो, आणि तिनं आतून अडसर काढला तरच तो भूमीचा धनी होतो. कुपांगच्या गाड्यांच्या धंद्यात तू हे विसरला असशील म्हणून लिहिलं. अडसर माझ्या हातात आहे आणि तिथंच राहणार आहे.

तुला धनीपण आत्ताच का हवंय, तेही कळलं. बंदरावर तुझं चित्र लागलंय. डोक्याला आपल्या कुळाचं विणलेलं वस्त्र, चेहऱ्याला फोटोवाल्यानं फासलेला गोरेपणा, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘लेरान बेटाचा पुत्र, भूमीचा धनी. जिल्हा सभेसाठी यालाच मत द्या.’ ओम सिउसच्या बकरीनं तुला हनुवटीपर्यंत खाल्लंय. सिउस म्हणाला, “थेक्ला, ही बकरी एरवी कडू पाल्याला तोंड लावत नाही गं.” मी म्हटलं, “ओम, आधी तिला औषध पाजा.”

तू न विचारता भूमीचा धनी झालास, कारण छापखान्याला अडसर नसतो.

आणखी एक. मला फोन करायचा नाही. फोनवरचा तुझा शब्द लेवोरांग गावानं एकदा ऐकलाय. म्हातारी, आपला आगीचा डोंगर, तेव्हा धुमसत होती, बाबा जाऊन पाच महिने झाले होते, गावाला धनी नव्हता. तू म्हणालास, “कुणी हलू नका. मी येतोय. मी तिचा निरोप घेतो, मग सगळे मिळून उतरू.” चर्चच्या पायऱ्यांवर फोन ठेवून, आवाज मोठा करून सगळ्या गावानं ते ऐकलं. धन्यानं निरोप घेतल्याशिवाय गाव सोडलं तर म्हातारी मागून चालत येते, हे आपण बोलायला शिकायच्या आधी शिकलो. म्हणून ते थांबले. तू समोरच्या बेटाच्या धक्क्यापर्यंत आलास. तिथून धुराचा खांब दिसला. सिउसच्या होडीत तू एक पाय ठेवलास, आणि काढून घेतलास. मग फोन बंद केलास.

सिउस हे सांगताना रडत होता. मी रडले नाही. मी तेव्हापासून त्या एका पायाचा विचार करतेय.

‘डोंगर शांत आहे ना?’ असं शेवटी विचारलंयस, तुझ्या समारंभासाठी. आमचा अहवाल रोज बंदरावर लागतो, तुझ्या चित्राच्या शेजारीच. तो अजून बकरीनं खाल्लेला नाही.

थेक्ला
रिकुसची विधवा. पत्रात त्याचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस.

वाइओते ठाणे, २२ ऑगस्ट

लांबेर्तुस,

‘मी आलो असतो तर मीही मेलो असतो.’ हे तुझं उत्तर!

मी ते ठाण्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे प्रमुख पाक एंदांग जावाचे, गारुतचे. दिवसभर शेंगदाणे सोलतात आणि यंत्राच्या सुईकडे बघतात. ते म्हणाले, “इबू थेक्ला, माणूस खरं बोललाय की.”

“पाक, खरं बोलला. पण विचारलं होतं वेगळंच.”

“मग तुम्ही त्याला काय विचारलं होतं?”

“तू जगलास कसा, असं.”

एंदांगनी शेंगदाण्याची साल फुंकली.

ऐक. तू मेला नसतास. पहिल्या दिवशी आला असतास तर दुपारपर्यंत निरोप झाला असता आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं माणूस समुद्रावर असतं. म्हातारीनं दोन दिवस दिले. आगीच्या पोटातून जन्मलेली ती, तिला धीर धरता आला. तुला धरता आला नाही. दुसऱ्या दिवशी रिकुस ही खुर्ची सोडून मोटारसायकलनं वर गेला. मी घरून रेडिओवर ओरडत होते. तो म्हणाला, “तुझ्या आत्याला बकऱ्यांच्या ट्रकवर बसवून दिलंय. बाकीच्यांना अजून एकदा सांगून बघतो.” अजून एकदा! त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांत होतं. मग तापलेला ढग घळीतून उतरला. मला त्याचं जे मिळालं, ते बिस्किटांच्या एका डब्यात मावलं.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा सोडली, परीक्षा दिली आणि त्याच्या खुर्चीत बसले. लोकांना वाटतं मी शोकानं बसले. मी पाळतीवर बसलेय. एका डोळ्यानं म्हातारीवर आणि दुसऱ्यानं समुद्रावर, तू कधी येतोस म्हणून.

आता डोंगराचं लिहिते. तू विचारलंस म्हणून नाही, हे तुझ्याशी जोडलेलं आहे म्हणून. जमिनीखालचे धक्के महिनाभर खोल होते, ते आता वर सरकलेत. घळीतल्या ज्या झऱ्यावर बायका कपडे धुवायच्या, त्यात आता अंडं शिजतं. पांढरा धूर करडा झालाय. काल धोक्याची तिसरी पायरी जाहीर झाली: लेवोरांग रिकामं करा. हो, लेवोरांग. ते पुन्हा त्याच जागी बांधलंय. काजूची झाडं तिथं आहेत, पुरलेली माणसं तिथं आहेत, ते दुसरीकडे कुठं जातील? सरकारनं खाली दिलेल्या घरांत त्यांनी बकऱ्या बांधल्यात.

आणि रिकामं करा म्हटल्यावर ते काय म्हणतात माहीत आहे? “आमचा धनी येणार आहे. बंदरावर चित्र लागलंय.”

पुन्हा तू. पुन्हा तेच. तुझं ते गोरं तोंड बघून माणसं पुन्हा त्याच अंगणांत बसून राहिलीत. हे वाचून तुला कुपांगला आज झोप येत असेल, तर तू माझ्या आईच्या पोटचा नाहीस.

थेक्ला

वाइओते ठाणे, ५ सप्टेंबर

लांबेर्तुस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

गेल्या आठवड्यात सैनिकांचे ट्रक आले. लेवोरांग उचलून बंदराच्या शाळेत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत फक्त चटया होत्या. सगळे बकऱ्यांच्या वाटेनं परत वर. सैनिकांचा अधिकारी एंदांगना म्हणाला, “पाक, तुमचा डोंगर सांभाळणं सोपं आहे, ही माणसं नाही.”

मग रविवारी मी गेले. प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि बोलले. कशी बोलले ते विचार कुणालाही. मी म्हटलं, जो देव तुम्हाला पाय देतो तो ते कशासाठी देतो? मी म्हटलं, ज्या धन्याची वाट बघताय त्याला पाय दोन आहेत आणि दोन्ही उलटे आहेत. लोक हसले, रडलेही. मग मला सावलीत बसवलं, तव्यावरून काढून दगडानं चेचलेला गरम मका दिला, तुआकची, म्हणजे ताडीची, करवंटी हातात दिली, आणि कुणीही गाठोडं बांधायला उठलं नाही.

इना बारेक, आपली आत्या, माझ्या शेजारी येऊन बसली.

“छान बोललीस गं. बापावर गेलीयस. पण निरोप कोण घेणार?”

“आत्या, म्हातारी चालत येत नाही. ढग येतो. माझा नवरा त्यात गेला.”

“तो गेला म्हणून तर मी इथं बसून सुपारी चघळतेय. मला सांगतेस होय?” ती थुंकली. “पण गेल्या खेपेला चार घरं निरोपावाचून पळाली. त्यांच्या मागे ती आलीच की. पुलावर गाठलं त्यांना. मी ट्रकवरून डोळ्यांनी बघितलं.”

हे खरं आहे, लांबेर्तुस. पळालेले पुलावर गेले, कारण रस्ता घळीतून उतरतो आणि ढगही घळीतूनच उतरतो. मला कारण माहीत आहे. पण तिनं बघितलंय. मी नकाशा काढून दाखवला असता, तरी तिच्या डोळ्यांपुढे ती चार घरंच राहिली असती.

मी म्हटलं, “मग काय सगळे मरणार? तो भित्रा येईपर्यंत?”

“तो येईल नाहीतर न येईल. आला तरी बाहेरच उभा राहणार ना? दार बंद आहे. दार कुणी धरलंय, त्यानं का तू?”

“आत्या!”

“ओरडू नकोस, मी बहिरी नाही. त्याला शिक्षा दे. हवी तेवढी दे, मी ओट्यावर बसून बघीन. पण त्याच्या दाव्याला आम्हाला कशाला बांधतेस?”

आजूबाजूच्या बायका खाली बघत होत्या. म्हणजे हे सगळ्यांचं आपसांत बोलून झालेलं होतं. पाच वर्षं मी ताठ मानेनं ज्या गावातून फिरले, ते गाव मनात मला तुझ्या शेजारी उभं करत होतं!

मी खाली आले. एंदांगना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “इबू, ते दार कसलं आहे?”

“फणसाच्या लाकडाचं.”

“वाळवी?”

“नाही.”

“मग उघडत असेल,” म्हणाले, आणि सुईकडे वळले.

तुझ्या शेजारी मी उभी राहणार नाही, लांबेर्तुस. कुणाच्या मनातसुद्धा नाही. त्यासाठी मला जे करावं लागेल ते मी करीन.

थेक्ला

वाइओते ठाणे, ८ सप्टेंबर

लांबेर्तुस,

ये. मी दार उघडते.

खूश होऊ नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मगच होडीत पाय ठेव. दोन्ही.

मी तुला का बोलावतेय ते लपवू शकले असते. गोड लिहिलं असतं तर तू फुलांचे हार आणि फोटोवाला घेऊन आला असतास. पण बेसावध माणसावर सूड उगवण्यात काय आहे? त्याला अपघात म्हणतात. तुला सगळं कळलेलं असलं पाहिजे, आणि तरीही यावं लागलं पाहिजे.

तर हे वाच. निरोप घेणाऱ्या धन्यानं शेवटी चालायचं असतं. गावातलं शेवटचं माणूस, शेवटचं पोर पुढे गेल्यावर तो वळतो. त्याला ट्रकमध्ये बसता येत नाही, घोड्यावर बसता येत नाही, पळता येत नाही. म्हातारीकडे पाठ करून, तिला ऐकू जातील अशा पावलांनी चालायचं. आणि एकदा धनी झालास की मरेपर्यंत बेटाबाहेर रात्र काढायची नाही. बाबांनी ते केलं, आजोबांनी केलं. तुझ्या चित्राखाली हे छापलेलं नाही.

मला तुझी पाठ बघायची आहे. तिच्या तोंडासमोर, उघडी. रिकुसला त्या दुपारी मानेवर जी ऊब जाणवली असेल, ती तुझ्या मानेवर यावी एवढीच माझी पाच वर्षांची प्रार्थना आहे. चर्चमध्ये गुडघे टेकून दुसरं काही मी मागितलेलं नाही.

तुला वाटेल ही वेडी झाली, कशाला जायचं? नको येऊस. मग मी काय करीन तेही सांगते. तू होडीत पाय ठेवलास आणि काढलास, हे आजवर सिउस आणि मी दोघांनाच माहीत आहे. गावाला वाटतं समुद्र खवळलेला होता, तुला होडी मिळाली नाही. म्हणून तर ते तुझी वाट बघतात. तू शुक्रवारपर्यंत आला नाहीस तर तो पाय मी चर्चच्या कर्ण्यावरून सांगीन, आणि सिउस शेजारी उभा राहून हो म्हणेल. मग जिल्हा सभा सोड, या बेटावर तुला पाणीही कुणी देणार नाही.

आलास तर तुझी भीती फक्त तू आणि मी बघू.

धक्के आता मोजण्यापलीकडे चाललेत. चौथी पायरी केव्हाही लागेल. शुक्रवार.

थेक्ला

वाइओते ठाणे, १६ सप्टेंबर

लांबेर्तुस,

तू शाळेच्या तंबूत आहेस, मी ठाण्यात. मधे फक्त बंदराचा रस्ता आहे. तरी लिहूनच देतेय.

तुझा सांगावा आला: ‘ताई, आता फिटलं का?’ सांगते.

मी घरात एकटी बसले होते. पाच वर्षांची धूळ, बाबांचं हस्तिदंत वाशाला टांगलेलं, आणि जमिनीतून येणारी ती घरघर, मांजर मांडीवर असल्यासारखी. तू पहिली हाक मारलीस तेव्हा आवाज फाटला. दुसऱ्या हाकेला तू खोकलास. तिसरी चांगली होती. मी अडसर काढला नाही. बाहेर सगळं गाव, वर धूर, आणि तू दारासमोर. मी तुला तिथं उभं ठेवलं. बाहेरून आत्या म्हणाली, “थेक्ला, जिवंतपणी उघड.” कुणीतरी हसलं. मग तू चौथी हाक मारलीस. चौथी हाक रिवाजात नाही. तू धन्यासारखी नाही, लहानपणी विहिरीत उतरून अडकला होतास तशी मारलीस. ‘ताई’ एवढंच.

मी उघडलं. तुझ्यासाठी नाही. मी बाहेर बसलेली पोरं मोजली होती.

तू निरोप बरा घेतलास. शब्द विसरलास तिथं आत्यानं पुरवले. कोंबड्याचं रक्त दगडावर पडलं, आणि एंदांगचे नकाशे आणि सैनिकांचे ट्रक ज्या गावाला हलवू शकले नाहीत ते अर्ध्या दुपारीत उठून चालायला लागलं. चुली विझवून, कोंबड्या काखोटीला मारून. मी पहिल्या ट्रकनं खाली आले, कारण माझी खुर्ची रिकामी होती. तू वर निघालास तेव्हाच तुला एंदांगनी हातातला रेडिओ दिला होता, तो कसा धरायचा हेही तुला माहीत नव्हतं.

मग मी दुर्बीण लावली. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं. रिकामं गाव, उतार, आणि सगळ्यांत शेवटी तू. तुझ्यापुढे चार पावलांवर आत्या काठी टेकत. तिनं ट्रकमध्ये बसायला नकार दिला होता. म्हणाली म्हणे, “तो चालतो का हे बघितल्याशिवाय मी बसत नाही.” तू थरथरत होतास. इतक्या लांबून दिसत होतं. मला वाटलं होतं, हे बघताना गार वाटेल.

यंत्राची सुई एकदम कागदाच्या काठावर आपटली. एंदांग उभे राहिले, शेंगदाणे सगळे जमिनीवर. म्हातारीच्या खांद्यावरून करडं काहीतरी सुटलं, आवाज न करता, दुधाला उतू आल्यासारखं. तुम्ही पुलाच्या वळणापाशी होता. एंदांग रेडिओवर ओरडत होते, त्यांच्या जावाच्या सुरात, आणि तू ‘काय? काय?’ करत होतास.

गावात तू सगळ्यांना सांगतोयस की तेव्हा रेडिओवर कुणीतरी आपल्या बोलीत म्हटलं, “पुलाकडे नको, काजूच्या कड्यावर चढ, आत्याला उचल आणि पळ.” पळायची धन्याला मुभा नाही, तरी तू पळालास, आणि बरं झालं पळालास. ते कोण बोललं ते मला माहीत नाही. एंदांग आपली बोली शिकले असतील.

ढग घळीतून गेला. पूल नाही आता. अर्धा तास काही दिसलं नाही. मग कड्याच्या खालच्या बाजूनं तू आलास, पायांपासून केसांपर्यंत राखेचा, आत्या पाठीवर, तळव्यांची सालं गेलेली. आणि सगळं गाव तुझ्याकडे धावलं. बायकांनी तुझा हात कपाळाला लावला. माझ्या नवऱ्याबरोबर ज्याची दोन्ही मुलं गेली तो म्हातारा तुझ्या गळ्यात पडून ‘आमा, आमा’ करत होता. आमा! आपल्या बाबांना म्हणायचे तसं.

त्यांनी तुला माफ केलं, लांबेर्तुस. काय माफ करताहेत हेही ठाऊक नसताना, एका दुपारीत. मला तुझी भीती बघायची होती, मी ती बघितली. आणि ती बघून झाल्यावर तुझी आरती झाली. माझा सूड त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याचा हार करून तुझ्या गळ्यात घातला.

फिटलं का, विचारतोस. नाही.

थेक्ला

वाइओते ठाणे, १० ऑक्टोबर

लांबेर्तुस,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘ताई, फक्त दोन दिवस. काजू पिकून खाली पडतोय, वर्षाचं पीक जाईल. लोक रोज मला घेरतात. तू आकडे जरा मऊ कर, मी त्यांना घेऊन जातो आणि घेऊन येतो.’

आकडे मऊ होत नाहीत. मी तुझ्याविरुद्ध एक वाढवणार नाही आणि तुझ्यासाठी एक कमी करणार नाही. शिखरावरचा लाव्ह्याचा घुमट रोज फुगतोय. चौथी पायरी आहे, आणि राहील.

ओम सिउस सांगत होता, शाळेच्या नळावर आता कुरबुर सुरू झालीय. “आमा, उद्या जायचं ना?” तू म्हणतोस, “बघू.” “आमा, बघू काय? मालक तुम्ही का तो डोंगर?” तू हसतोस. ते हसत नाहीत. काल कुणीतरी म्हणालं, “धनी निघताना लागतो, परत जायला लागत नाही.” आत्यानं त्याला काठी दाखवली, पण आत्या किती दिवस दाखवणार? तिचाही काजू आहे.

तुला मी आजवर रिकुस कसा मेला एवढंच सांगितलं. तो कसा जगला ते ऐक.

गावात त्याला ‘ओम नाही’, नाहीकाका, म्हणायचे. झऱ्यावर जायचं का? नाही. कड्यावर बकऱ्या न्यायच्या का? नाही. या आठवड्यात? नाही. तो चांगला गायचा, पण पिकाच्या दिवसांत चर्चच्या गायकांत त्याच्या शेजारी कुणी उभं राहत नसे. लग्नात पंगत उठल्यावर त्याच्यापुढे पान यायचं. दोनदा मोटारसायकलची चाकं चिरली. एकदा बकरी मेली तर तिचं डोकं आमच्या दारात ठेवलं, म्हातारीनं काही केलंच नाही, तुझ्या ‘नाही’मुळे बकरी खालीच उपाशी मेली म्हणून. मी चिडायचे, पायऱ्यांवर उभी राहून शिव्या द्यायचे. तो हात धुवायचा, ताटावर बसायचा आणि म्हणायचा, “आज पण नाहीच होतं.” आणि मासा निवडून माझ्या ताटात टाकायचा. बारा वर्षं. ज्यांना वाचवायचं त्यांच्याकडून रोज थोडा थोडा तिरस्कार घेत. त्याला हार कुणी घातला नाही. तो गेल्यावरही लोक म्हणाले, बिचारी थेक्ला. बिचारा रिकुस कुणी म्हटलं नाही.

मी पाच वर्षं मागत होते की तू जळावंस. मग मागितलं की तू घाबरावंस. दोन्ही मागण्या लहान होत्या. जळणं आणि घाबरणं एका दुपारीत संपतं. आता मला नीट दिसतंय. रिकुसची खुर्ची मी घेतली, पण त्याचा शब्द पाच वर्षं कुणी घेतला नव्हता. मी बोलले तर ते मका खाऊ घालतात आणि बसून राहतात. एंदांग बोलले तर हसतात. तुझं ते ऐकतील. ज्या दारातून तू धनी झालास, त्या दारातून तुला हेच मिळालंय, दुसरं काही नाही.

म्हणून असं होईल. रोज सकाळी ओम सिउस माझ्याकडून एक शब्द घेऊन येईल. तू नळावर सगळ्यांसमोर उभा राहशील आणि तो सांगशील. ‘ठाण्याच्या बाई म्हणतात’ असं सांगायचं नाही. ‘मी म्हणतो’ असं सांगायचं. पहिल्या दिवशी ते ऐकतील. आठव्या दिवशी तुझा हात कपाळाला लावायचं बंद करतील. काजू कुजल्यावर त्याचा वास तुझ्या अंगाला येतोय म्हणतील. पुढच्या महिन्यात मतदान आहे. या शब्दावर कुणी निवडून येत नाही, तेव्हा ती चित्रं काढून त्यांची छपरं कर, तंबू गळताहेत. कुपांगला पळता येणार नाही, बेटाबाहेर तुला रात्र नाही. तू इथंच राहशील, त्यांच्यात, तिच्या खाली, आणि रोज त्यांना नकोसा होशील. आणि ती माणसं जिवंत असल्यामुळे नकोसा होशील.

रिकुस हे एकटा करायचा. तुझ्यामागे निदान मी आहे. एवढी सवलत तुला मिळतेय आणि ती मला खुपते.

ज्या दिवशी म्हातारी निवेल, त्या दिवशी दुसरा शब्द पाठवीन. एका दिवसाचाही उशीर करणार नाही. तोपर्यंत चिठ्ठी पाठवू नकोस, विनवू नकोस. सिउस बाहेर उभा आहे, लोक नळावर जमले असतील. तोंड धुऊन घे, ताठ उभा राहा, मोठ्यानं सांग.

आजचा शब्द: नाही.

थेक्ला